दुसऱ्या रविवारचा माल

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलीही वस्तू एक अशी विकत घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. साबण डझनाने, काड्यापेट्या पुडक्याने, झाडू जुडीने, आणि आंब्याच्या दिवसांत आंबे तर पेटीशिवाय नाहीतच. "एक घेतो तो पाहुणा," असं ते म्हणत, "घरच्या माणसाला एकानं काय होतंय?" माझ्या सासुरवाडीला ते मुलगी पाहायला आले तेव्हा रिवाजाप्रमाणे पेढ्यांचा पुडा आणायच्या ऐवजी त्यांनी पेढ्यांची करंडी आणली होती, आणि आमच्या सासूबाईंनी घाबरून, बाकीची मंडळी मागून येणार आहेत का, असं विचारलं होतं. मुलगी तेवढी एकच पसंत केलीत, असं आम्ही त्यांना चिडवायचो. त्यावर ते अगदी गंभीरपणे सांगत की घरात लग्नाचे आणखी दोन भाऊ होते आणि त्यांनी तशी चौकशीही केली होती, पण मुलीला एकच धाकटी बहीण निघाली आणि ती तेव्हा परकरात होती. ती धाकटी बहीण म्हणजे आमची ही. त्या चौकशीतून वाचून ती पुढे माझ्या वाट्याला आली.

साडूभाऊ रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. काचीगुड्याच्या स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि स्टेशनातून घरी यायला लागणाऱ्या सात मिनिटांत त्यांच्यातला पार्सलबाबू काही उतरत नसे. घरात एक लोखंडी काटा होता, कोनाड्यात दाभण आणि सुतळीचं रीळ होतं, आणि कुठलीही वस्तू घराबाहेर जायची झाली की ती तोलून, गोणपाटात शिवून, वर निळ्या शाईने मुक्कामाचं नाव घालूनच जायची. माणसांना ते नावाने कमी आणि मुक्कामाने जास्त ओळखत. मी हिमायतनगरला राहायचो म्हणून मला त्यांनी कधी दुसरं काही म्हटलं नाही. "काय हो हिमायतनगर, बसा की," असं म्हणत आणि मी बसत असे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, ती निजामाबादला निघाली, तेव्हा तिच्या सामानाचे अकरा नग त्यांनी स्वतः शिवले. बारावा शिवताना दाभण बोटात गेला आणि ते हमसून हमसून रडले. आम्ही सगळे शहाण्यासारखे त्यांच्या बोटाला फडकं बांधत बसलो.

त्या घरात एके काळी अकरा माणसं जेवत. साडूभाऊ, त्यांचे दोन भाऊ, तिघांच्या बायका, मुलं आणि म्हातारे वडील. नांदेडकडची शेती मागे ठेवून आलेल्या त्या म्हाताऱ्याला शहरातल्या कुठल्याच गोष्टीचा भरवसा नव्हता, म्हणून घरात वर्षाचं धान्य भरलेलं असे, आणि साडूभाऊंची घाऊक सवय तिथली. मग वडील गेले, आणि नेमके तेच दिवस असे आले की बँका लोकांना बोलावून बोलावून घरासाठी कर्ज देऊ लागल्या. मधले भाऊ शाळेत शिक्षक होते, त्यांनी दिलसुखनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. धाकटे कॉम्प्युटरच्या नव्या कंपनीत लागले आणि कुकटपल्लीला गेले. भांडण असं काही झालंच नाही. साडूभाऊंना त्याचंच जास्त लागलं होतं. मला एकदा म्हणाले, "भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडलेल्याला समजवायला जाता येतं. आता ह्यांच्याकडं काय म्हणून जावं?" दिवाळी, संक्रांत, वडिलांचं श्राद्ध, एवढ्यावर तिन्ही घरांचं येणंजाणं आलं. पुढे संक्रांतीचा तिळगूळही टेलिफोनवरून येऊ लागला.

अशात शहराबाहेर ते परदेशी पद्धतीचं घाऊक दुकान उघडलं. आत म्हणे छतापर्यंत माल रचलेला, बाराच्या खाली काही मिळत नाही, पण सगळा माल ठोक भावात. ही बातमी साडूभाऊंपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांना कुणीतरी आपल्या मनातलं ओळखून हा कारखाना काढल्यासारखं वाटलं असावं. अडचण एकच होती: तिथं येऱ्यागबाळ्याला प्रवेश नव्हता. कार्ड लागे, आणि कार्ड फक्त दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना मिळे. शहरातले शहाणे लोक ओळखीच्या दुकानदाराचं कार्ड दोन तासांपुरतं मागून आणत. साडूभाऊंना ते पटेना. दुसऱ्याच्या नावावर माल सोडवणं हा त्यांच्या लेखी फार मोठा गुन्हा होता. त्यांनी महिनाभर खेटे घालून अक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नावाने दुकानाचा रीतसर परवाना काढला. दुकान कसलं, तर येसराचं. भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेली ती पूड अक्का अशी काही करायची की तिच्या आमटीपुढे लग्नातलं गोडधोड लोक बाजूला सारत. मात्र तिने आजवर ती वाटली होती, कधी विकली नव्हती.

कार्ड काढायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या तेलुगू मुलीने हिंदीत विचारलं, कामाला माणसं किती? साडूभाऊंनी दोन्ही भाऊ, भावजया, पुतणे आणि शेवटी मी, अशी सगळी नावं सांगितली. हे सगळे दुकानात काय करतात, असं तिने विचारल्यावर ते म्हणाले, "खाते हैं अम्मा." ती पोर हसून हसून बेजार झाली आणि तिने कार्ड दिलं. त्यावर अक्काचा फोटो होता, साडीचा पदर डोक्यावर, चेहरा असा की जणू काही चोरी करताना धरलीय. परत येताना बसमध्ये साडूभाऊ ते कार्ड दर दोन थांब्यांनी काढून बघत होते.

पण परवाना काढला म्हणजे विक्री आली. विक्री झाली नाही तर परवाना खोटा, परवाना खोटा तर कार्ड खोटं, आणि खोट्या कार्डावर आणलेल्या तेलाची फोडणी त्यांच्या घशाखाली उतरली नसती. म्हणून दर महिन्याला अक्काने पावशेर येसर कुणाला तरी रीतसर विकायचं असा नियम झाला, आणि तो कुणीतरी मीच होतो. अक्का संकोचाने अर्धमेली होऊन पुडा पुढे करायची, मी पैसे द्यायचो, साडूभाऊ पावतीपुस्तकातून पावती फाडायचे. मेहुणीकडून पैसे देऊन मसाला आणणारा हैदराबादेतला मी एकटाच माणूस असेन.

महिन्याचा दुसरा रविवार ठरलेला. सकाळी मी आणि साडूभाऊ स्कूटरवरून पुढे, दिलसुखनगरवाले आणि कुकटपल्लीवाले आपापल्या वाहनाने थेट दुकानावर. आत गेल्यावर साडूभाऊ जरा वेळ नुसते उभे राहत. ती माल उचलणारी गाडी, ते भलेमोठे काटे, नगावर नग, सगळं बघून त्यांचा चेहरा देवळात आल्यासारखा व्हायचा. मग खरेदी सुरू. तेलाचा मोठा डबा, तांदळाची गोणी, चिंच पाच किलो, साबणाचं खोकं. एकदा हॉटेलात लागतो तसला मिरचीच्या सॉसचा बुधला घेतला, तो चारही घरांत मिळून वर्षभर पुरला आणि तरी शेवटी फेकावा लागला. एकदा दात कोरायच्या काड्यांचा इतका मोठा डबा घेतला की माल चढवणाऱ्या हमालाने विचारलं, "चचा, पूरे मोहल्ले की दावत है क्या?" साडूभाऊ म्हणाले, "हौ मियाँ, समझो वैसाइच."

खरा सोहळा घरी. पुढच्या खोलीत जुनी सतरंजी पसरून ते काट्यापुढे मांडी घालून बसत आणि चार घरांचे वाटे करत. तांदूळ तोलला की एकदा उलटा तोलायचा. डाळ तोलली की काटा रिकामा करून बघायचा, मग परत तोलायची. प्रत्येक पिशवीचं तोंड दाभणाने शिवायचं आणि वर नाव घालायचं: दिलसुखनगर, कुकटपल्ली, हिमायतनगर, स्वतःच्या पिशवीवर ते 'स्थानिक' असं लिहीत. तासाभराचं काम, पण ह्या पद्धतीने चार वाजत. तोवर पोरं गच्चीवर धुडगूस घालायची, बायका स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता खिदळायच्या, दोघे भाऊ सतरंजीवर लोळत शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचे, आणि दोन पंगतींत मिळून सगळे येसराची आमटी ओरपायचे. माझा जीव मात्र त्या काट्यापाशी वरखाली व्हायचा. मी आबिड्सच्या एका कचेरीत हिशेबनीस होतो. कामाचा असा खोळंबा मला बघवत नसे. साडूभाऊंच्या हातात चलाखी उरली नाही, असं मी घरी येऊन हिला सांगायचो.

आणि एका रविवारी मी तो शहाणपणा केला. जेवणं होऊन बडीशेप चालली होती. कुकटपल्लीच्या वहिनींनी सहजच विचारलं की हा सगळा खटाटोप आपल्यासारख्या घरांना खरंच परवडतो का. विचारलं हवेत होतं, पण हिशेबाचं नाव निघालं की मला राहवत नसे. मी कागद मागितला. परवान्याची फी धरली, टेम्पोचं भाडं, स्कूटरींचं पेट्रोल, पोरका झालेला तो सॉस, वाळून दगड झालेली चिंच, सगळं धरलं, आणि हिमायतनगरच्या कोपऱ्यावरचा किराणावाला घरपोच देतो त्या भावाशी ताडून पाहिलं. निकाल स्वच्छ होता: कार्ड हॉटेलवाल्यांना फायद्याचं, घरवाल्यांना तोट्याचं. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले, माझं कौतुकही झालं. साडूभाऊंनी कागद हातात घेतला, बेरजांवरून बोट फिरवलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग ते उरलेली पिशवी शिवायला बसले. मी इतका खूश होतो की त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

पुढच्या महिन्यात कुकटपल्लीचा फोन आला की आमचं ह्या वेळी घेऊ नका, इथं खालीच दुकान झालंय. त्याच्या पुढच्या महिन्यात दिलसुखनगरच्या मास्तरांच्या पेपर तपासण्या निघाल्या. दुसऱ्या रविवारी त्या भल्यामोठ्या दुकानात आम्ही दोघेच. मला वाटलं, आता हे कमी घेतील. त्यांनी तेवढंच घेतलं. घरी आणून चार वाटे केले, चारही शिवले, चारही नावं घातली. दोन पिशव्या भिंतीशी राहिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात तिथं चार झाल्या.

तेव्हा साडूभाऊंनी पार्सल ऑफिसचा कायदा काढला. माल पडून राहिला की मालकाला नोटीस जाते, म्हणून त्यांनी दोन्ही भावांना पोस्टकार्डं घातली: 'आपल्या नावे माल येऊन पडला आहे. समक्ष येऊन सोडवून न्यावा.' भावांनी ती पोस्टकार्डं चेष्टेवारी नेली. मास्तरांनी फोन करून, अण्णा, कशाला त्रास घेता, तुम्हीच वापरा, असं सांगितलं. धाकट्यांना कामातून सवड नव्हती. त्यांनी भलेपणाने आपल्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर पाठवला. नेमका मी तिथं होतो. ड्रायव्हर पिशव्या उचलायला वाकला तसे साडूभाऊ खुर्चीतून उठून मध्ये उभे राहिले. त्याला चहा दिला, भजी दिली, आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. "जिसके नाम पे माल है, उसीच को मिलता," एवढंच ते म्हणाले. मग ते बराच वेळ काट्याचं पारडं पुसत बसले. ते चकचकीतच होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन अक्काला म्हटलं, की साडूभाऊ उगाच हट्टाला पेटलेत, चार रुपयांच्या डाळीसाठी. अक्का कधी मोठ्याने बोलायची नाही. त्या दिवशी तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि माझ्याकडे वळली.

"भावजी, तुम्ही तेवढं पेट्रोल धरलात, टेम्पो धरलात," ती म्हणाली, "सोळा माणसं जेवून जायची, ते कुठल्या रकान्यात धरलात?"

ती पुढे म्हणाली, "ह्यांना काय भाव कळत नाही? जल्म त्या काट्यापुढं गेला त्यांचा. सावकाश तोलायचे ते कशासाठी, तुम्हाला वाटलं हात चालत नाही म्हणून?"

मी चप्पल घातली आणि निघालो. इतकी लाज मला आयुष्यात पूर्वी कधी वाटली नव्हती. ज्या कागदावर मी टाळ्या घेतल्या होत्या त्याने मी एका माणसाच्या घरातले भाऊ उठवून दिले होते, आणि तो माणूस मला 'बरोबर आहे' म्हणून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धा दिवस काढून मी आधी दिलसुखनगर आणि मग बस बदलत कुकटपल्ली गाठलं. दोन्हीकडे एकच गोष्ट सांगितली की माझा हिशेब चुकला होता. मास्तर सरळ माणूस, त्यांनी मान डोलावली आणि पेपर कधीही तपासता येतात असं कबूल केलं. धाकट्यांनी मात्र कॉम्प्युटरवाल्याच्या चिकाटीने विचारलं, नक्की कुठं चुकला? मी म्हणालो, तेलाचा डबा मी लहान धरला होता. सगळी बेरीज त्यानेच फिरली, कार्ड चांगलं फायद्यात आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मी आकड्याला कधी खोटं बोलायला लावलं नव्हतं. बोलताना माझे कान तापले होते. वहिनी दारातून ऐकत होत्या. त्यांच्या काय ध्यानात आलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "मग आम्ही येतो ह्या रविवारी. मुलंही विचारतात गच्चीचं."

तो दुसरा रविवार मला आजही दिसतो. भिंतीशी चार पिशव्या होत्या. साडूभाऊंनी दोघा भावांना काही विचारलं नाही, रागाचा शब्द काढला नाही. फक्त प्रत्येकाकडून नोटिशीचं पोस्टकार्ड मागून घेतलं, पाठीमागे 'माल पोहोचला' अशी सही करून घेतली, आणि मगच पिशव्या दिल्या. पोस्टकार्डं टाकून न देता दोघांनीही जपून ठेवली आणि आठवणीने बरोबर आणली होती, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी तोलायला सहा वाजले. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर साडूभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. घडीवर विरून गेलेला तो माझाच हिशेब होता.

"दोन वेळा तपासलो मी," ते म्हणाले. "तेलाचा डबा तुम्ही बरोबरच धरला होता."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली आणि होता तिथे ठेवला.

"येसर न्या जाताना," ते म्हणाले. "ह्या महिन्याची विक्री राहिलीय."

असे दुसरे रविवार पुढे सात-आठ वर्षं चालले. मग धाकटे परदेशी गेले, मास्तर मुलाकडे पुण्याला राहायला गेले, आणि एका उन्हाळ्यात अक्का थोड्याशा आजाराने गेली. कार्डाची मुदत संपली तेव्हा दुकानवाले म्हणाले की ते तुमच्या नावावर करून देतो. साडूभाऊ म्हणाले, दुकान तिचं होतं, आणि अक्काचा तो घाबरलेला फोटो तेवढा मागून घेऊन ते परत आले. आता तर फोनवर बोट लावलं की दोन लिंबंसुद्धा दारात येतात. आमची सून परवा कसल्याशा सभासदत्वाबद्दल विचारत होती, की आपल्या घराला परवडेल का. मी म्हटलं, मला हिशेबातलं फारसं कळत नाही. ती बघतच राहिली.

मागच्या महिन्यात काचीगुड्याला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात साडूभाऊ पाठमोरे उभे दिसले, सदरा खांद्यावर सैल झालेला. दुकानदाराने साबण पुढे ठेवला आणि विचारलं, "और क्या होना चचा?"

"बस, एकीच होना," साडूभाऊ म्हणाले.

पाय जागच्या जागी थबकले. तसंच मागे फिरावं असं वाटलं, पण त्यांनी वळून पाहिलं होतं. हातातल्या त्या एका वडीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईने दुकानदाराला म्हणाले, "और एक देव मियाँ." दुसरी वडी त्यांनी माझ्या हातात ठेवली, माझी मूठ तिच्यावर नीट मिटवली, आणि म्हणाले, "हिमायतनगर."